गोडे पाणी झाले. मीठ कुठे गेले?

अकोल्याहून अकोटकडे निघाले की गांधीग्रामजवळ पूर्णा नदी लागते. या नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला गाळाचा प्रदेश म्हणजे आपला खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल आणि दिसायला सुपीक. पण विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. वान आणि काटेपूर्णा धरणांवरून नळयोजना आल्या तशी काही गावांची स्थिती पालटली. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे आता गावोगाव आर.ओ.ची यंत्रे दिसतात आणि वीस लिटरची कॅन विकत घेणे हा घरखर्चाचा भाग झाला आहे.

अशा प्रदेशात 'सजीव पेशीची नक्कल करणारे नवे पटल येत आहे, ते खाऱ्या पाण्याचा प्रश्न सोडवील' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याचे कान टवकारणारच. लिपिड आणि ब्लॉक सहबहुवारिक यांच्या मिश्रणातून बनवलेल्या संकरित जैवानुकारी पटलांविषयी असे दावे गेल्या काही वर्षांत लेखांतून आणि व्याख्यानांतून वारंवार होतात. आमचे स्वतःचे संशोधन बहुवारिकांवर असल्यामुळे आम्हीही अशी व्याख्याने दिली आहेत. एकदा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गापुढे आम्ही हा विषय रंगवून सांगितला. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मंग ते मीठ कुठी जाते जी?" आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर नव्हते हे त्यालाही कळले आणि आम्हालाही. या लेखात त्या दाव्याची, आणि पर्यायाने आमच्या त्या व्याख्यानाची, तपासणी करायची आहे.

नक्कल कशाची?

प्रथम मूळ वस्तू पाहू. पेशीपटल हे लिपिड रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते. लिपिडाच्या रेणूला एक जलस्नेही डोके आणि दोन जलद्वेषी शेपट्या असतात. पाण्यात हे रेणू शेपट्या आत व डोकी बाहेर करून आपोआप दुहेरी थर रचतात. १९२५ साली हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींमधून लिपिड काढून पाण्यावर पसरले आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरते असे दाखवले. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. लिपिड पुरते निघाले नव्हते आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी मोजले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडले आणि निष्कर्ष बरोबर आला! पुढे १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी हा थर प्रवाही असतो आणि त्यात प्रथिने तरंगत असतात असे चित्र मांडले. तेच चित्र थोड्याफार फरकाने आज आपल्या पुस्तकांत आहे.

हा थर जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा असतो. त्यातून पाण्याचे रेणू बऱ्यापैकी जातात. पण सोडियमसारखा विद्युतभारित आयन त्यांच्या तुलनेत अब्जावधी पटींनी हळू जातो. शिवाय काही पेशींच्या पटलांत पाण्यासाठी खास दरवाजे असतात. ॲक्वापोरिन नावाचे हे प्रथिन अमेरिकेतील पीटर ॲग्री यांनी शोधून १९९२ साली त्याचे कार्य सिद्ध केले आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात, मीठ मात्र जात नाही. हे वाचल्यावर कोणाही अभियंत्याच्या मनात 'आपण हेच का बनवू नये?' असा प्रश्न येणे साहजिक आहे.

संकराची गरज

नक्कल करताना पहिली अडचण येते ती टिकाऊपणाची. निव्वळ लिपिडाचा थर फार नाजूक असतो. त्याला ताणले, तर क्षेत्रफळ शेकडा पाच वाढण्याच्या सुमारास तो फाटतो. हवेतील प्राणवायूने लिपिडाचे ऑक्सिडीकरण होते आणि साबणासारख्या पदार्थाने तो विरघळतो.

१९९९ साली अमेरिकेतील डिशर, हॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिपिडाऐवजी ब्लॉक सहबहुवारिक वापरून पोकळ पुटिका तयार केल्या. सहबहुवारिक म्हणजे दोन वेगळ्या घटकांची एकच लांब साखळी. 'ब्लॉक' म्हणायचे कारण असे की हे घटक मण्यांसारखे आलटून पालटून नसतात, तर साखळीचा एक सलग तुकडा एका घटकाचा आणि पुढचा सलग तुकडा दुसऱ्याचा असतो. एक तुकडा जलस्नेही आणि दुसरा जलद्वेषी घेतला, की ही साखळी लिपिडासारखीच वागते आणि पाण्यात थर रचते. हा थर सुमारे दुप्पट जाड होता आणि फाटण्यापूर्वी कितीतरी अधिक ताणला जात होता. पण त्याच शोधनिबंधातली दुसरी नोंद तितकीच महत्त्वाची आहे: त्यातून पाणी नेहमीच्या लिपिड थराच्या मानाने दहापटीहून कमी जात होते. लोकप्रिय लेखांत पहिली नोंद येते, दुसरी गळते.

म्हणजे लिपिड नाजूक पण पारगम्य, बहुवारिक मजबूत पण घट्ट. शिवाय प्रथिनाच्या दृष्टीने लिपिडाचा थर योग्य जाडीचा, बहुवारिकाचा थर जास्त जाड. चार बोटांच्या खिळ्याने आठ बोटांची भिंत आरपार कशी भेदावी, तशी ही अडचण आहे. बहुवारिकाची साखळी लवचीक असली, तर ती प्रथिनाभोवती दबून जागा करून देते. अशाच एका सिलिकॉनयुक्त बहुवारिकाच्या थरात ॲक्वापोरिन बसवून २००७ साली मनीष कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थराची पारगम्यता शेकडो पटींनी वाढवून दाखवली.

संकरित पटल हा या दोन टोकांमधला मार्ग. लिपिड आणि सहबहुवारिक एकत्र मिसळून एकच थर करायचा. लिपिडाने प्रथिनाला घरचे वातावरण द्यायचे आणि बहुवारिकाने भिंत धरून ठेवायची. ही कल्पना केवळ कागदावर राहिलेली नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील गटाने २०१६ साली दाखवले की श्वसनक्रियेतील एक प्रथिन संकरित पुटिकांत बसवले, तर ते निव्वळ लिपिडातल्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ कार्यक्षम राहते. प्रथिने हाताळणाऱ्याला याचे मोल लगेच कळेल. आज तयार केलेला नमुना आठवड्याने निकामी होणे हे त्या क्षेत्रातले नेहमीचे दुःख आहे.

अर्थात मिश्रण दर वेळी एकजीव होतेच असे नाही. घटकांचे प्रमाण, साखळीची लांबी आणि तापमान जुळले नाही, तर लिपिड आणि बहुवारिक वेगळे होतात. रश्श्यावर तर्रीची बेटे तरंगावीत तशी लिपिडाची बेटे बहुवारिकाच्या थरात दिसू लागतात. बेटाच्या काठाशी पातळ आणि जाड थरांचा सांधा येतो, आणि गळती व्हायची तर तिथून होण्याची शक्यता अधिक.

इथपर्यंतचे काम कसदार आहे, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या कामाला जोडल्या जाणाऱ्या आश्वासनाविषयी.

पहिला आक्षेप: अडचण पटलाच्या वेगाची नाही

गोड्या पाण्यासाठी पटल अधिक पारगम्य हवे, हे दाव्यामागचे गृहीतक. त्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. शिक्षकांनी आपल्या गावचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

समजा, विहिरीच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल मर्यादा २ ग्रॅम. हे सारे साधे मीठ आहे असे धरले, तर या पाण्याचा परासरण दाब सुमारे १.७ बार भरतो. शंभर लिटरमधून पंचाहत्तर लिटर गोडे पाणी काढले, की उरलेल्या पंचवीस लिटरचा खारटपणा जवळजवळ चौपट होतो आणि दाबही सुमारे पावणेसात बार होतो. पटल कितीही उत्तम असो, अगदी ॲक्वापोरिनचे असो, नेहमीच्या एकटप्पी यंत्रात पंपाला याहून अधिक दाब द्यावाच लागेल. ही मर्यादा ऊष्मागतिकीची आहे.

आजचे यंत्र १२ बारवर चालते आणि नवे पटल ८ बारवर चालेल असे धरू. पंपाची कार्यक्षमता शेकडा पन्नास घेतली, तर हजार लिटर गोड्या पाण्यामागे आज सुमारे ०.९ युनिट वीज लागते. नव्या पटलाने ०.६ लागेल. बचत ०.३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर हजार लिटरमागे ३ रुपये, म्हणजे वीस लिटरच्या कॅनमागे ६ पैसे! कॅनच्या किमतीत विजेचा वाटा इतका लहान असताना पटल अधिक वेगवान करून ती किंमत किती उतरणार?

गावातले यंत्र बंद पडते ते वेगळ्या कारणांनी. पटलावर क्षारांचे आणि शेवाळ-जंतूंचे थर बसतात, ते धुतले जात नाहीत, गाळणी वेळेवर बदलत नाहीत, वीज नसते आणि दुरुस्तीला माणूस नसतो. आजची पॉलिअमाइडची पटले क्लोरीनने खराब होतात, हा त्यांचा जुना दोष आहे. पटलात आणखी एक नाजूक घटक, म्हणजे प्रथिन, घातल्याने यांपैकी एकही अडचण आपोआप सुटत नाही. ॲक्वापोरिनयुक्त पटले आज बाजारात आहेत हे खरे. पण त्यांत प्रथिन बसवलेल्या पुटिका पॉलिअमाइडच्याच थरात रोवलेल्या असतात आणि मीठ अडवण्याचा मुख्य भार त्या थरावरच राहतो.

दुसरा आक्षेप: मीठ कुठेच जात नाही

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पटल मीठ नष्ट करत नाही, ते फक्त एका बाजूला सारते. वरच्याच हिशेबाने हजार लिटर गोडे पाणी मिळवायला १,३३३ लिटर पाणी घ्यावे लागेल आणि मागे ३३३ लिटर पाणी उरेल. त्यात सुमारे अडीच किलो क्षार असतील. गावाची वस्ती दोन हजार आणि माणशी रोज पाच लिटर पिण्याचे पाणी धरले, तर रोज पंचवीस किलो आणि वर्षाला नऊ टन क्षार होतात.

हे क्षार त्याच गावच्या भूजलातून आले, हे मान्य. सबंध पट्ट्यातल्या क्षारांच्या मानाने नऊ टन काहीच नाहीत. पण पूर्वी ते सगळीकडे विखुरलेले होते, आता एका नाल्यात किंवा एका शेताच्या धुऱ्याशी ओतले जातात. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे. सोडियम अशा मातीचे कण सुटे करतो, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

हे पाणी उन्हात आटवायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे बाराशे घनमीटर पाण्याची सोय करावी लागेल. पाऊस वजा जाता वर्षाला सव्वा मीटर पाणी उडते असे धरले, तर जवळजवळ एक हजार चौरस मीटरचे, म्हणजे पाव एकराचे, अस्तर घातलेले तळे लागेल. ही अशक्य गोष्ट नव्हे. पण यंत्राच्या खर्चात या तळ्याचा खर्च धरलेला आम्ही कधी पाहिला नाही, आणि संकरित पटलावरच्या व्याख्यानात तर त्याचा उल्लेखही नसतो. आमच्या व्याख्यानातही नव्हता.

तिसरा आक्षेप: 'जैवानुकारी' या शब्दाला

नक्कल करायची तर पुरती करावी. पेशीपटल टिकते ते मजबूत आहे म्हणून नव्हे. पेशी त्यातले रेणू सतत बदलत असते, फाटले तर शिवत असते, निकामी प्रथिने काढून नवी घालत असते आणि या सगळ्यासाठी अन्नातून ऊर्जा खर्च करत असते. आपण रचना घेतली, देखभाल घेतली नाही. मग देखभालीची उणीव भरून काढायला बहुवारिक मिसळावे लागले. संकरित पटलाची कल्पना या उणिवेतूनच आली, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना ती अधिक चांगली समजेल असे आम्हाला वाटते.

शिवाय शरीरात ॲक्वापोरिन एकटे काम करत नाही. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक सगळे पाणी परत घेऊन दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. म्हणजे नको असलेले क्षार कुठे न्यायचे याची व्यवस्था निसर्गाने पटलाबरोबरच केलेली आहे. आम्ही पटलाची नक्कल केली आणि मूत्रमार्ग विसरलो.

मग हे संशोधन व्यर्थ का?

मुळीच नाही. त्याची जागा वेगळी आहे. लिपिडाच्या पुटिकांत औषध भरून देण्याची पद्धत आज रूढ झाली आहे. लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीविरोधी औषधावर भारतात काम झाले, आणि त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा वाटा मोठा आहे. २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत हेच इंजेक्शन मिळवण्यासाठी विदर्भातल्या कुटुंबांची झालेली धावपळ वाचकांना आठवत असेल. पुटिका अधिक टिकाऊ करणे, औषध हळूहळू सोडणे, प्रथिने दीर्घकाळ जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करणे, रोगनिदानाचे संवेदक बनवणे, ही संकरित पटलांची खरी क्षेत्रे. तिथे लागणारे पटल चौरस मिलिमीटरांत किंवा त्याहूनही कमी असते. पाण्याच्या यंत्रात ते चौरस मीटरांत लागते, आणि एका छिद्राने सारे वाया जाते. संशोधनाला त्याच्या खऱ्या उपयोगावरून पैसा मिळावा. तहानलेल्या गावाचे नाव पुढे करून नव्हे.

वर्गात काय करता येईल?

या गोंधळाचे एक मूळ आपल्या शिकवण्यात आहे. पटल म्हणजे चाळणी, असे आपण सर्रास सांगतो. पण सोडियम आयनाचा व्यास सुमारे ०.२ नॅनोमीटर, तर पाण्याच्या रेणूचा सुमारे ०.२८. चाळणीच असती, तर मीठ आधी गेले असते! सोडियम अडतो तो त्याच्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट बिलगलेले असतात म्हणून, आणि ते सोडून तेलकट थरात शिरायला फार ऊर्जा लागते म्हणून. चाळणीची उपमा पहिल्या दिवशी ठीक. तिथेच थांबू नये.

दुसरी सवय अंड्याच्या प्रयोगाची. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवून अंडे फुगवून दाखवायचे आणि 'हे पेशीपटल' म्हणायचे. कवचाखालची ती त्वचा प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते. ती मोठी प्रथिने अडवते, मीठ जाऊ देते. पेशीपटलाशी तिचे नाते नाही. प्रयोग अवश्य करावा, पण नाव बरोबर सांगावे.

पेशीपटलासाठी बीट घ्यावे. सारख्या आकाराचे तुकडे करून रंग निघेनासा होईपर्यंत धुवावेत. एक तुकडा साध्या पाण्यात, एक साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात आणि एक स्पिरिटमध्ये ठेवावा. (स्पिरिट ज्योतीजवळ नेऊ नये.) साध्या पाण्यात रंग जवळजवळ उतरत नाही, बाकी दोन्हींत भरपूर उतरतो. पटल काय करते आणि किती सहज मोडते, हे अर्ध्या तासात दिसते. संकरित पटल कशासाठी हवे, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.

शेवटचा प्रयोग हिशेबाचा. गावच्या आर.ओ. यंत्रावर वर्ग न्यावा. किती पाणी आत जाते, किती गोडे मिळते, किती बाहेर टाकतात आणि ते कुठे जाते, हे मुलांनी मोजावे. लिटरभर टाकाऊ पाणी आणून ताटात उन्हात आटवावे आणि उरलेला पांढरा थर तोलावा. जोडीला आणखी एक गणित घालावे: पन्नास चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि शेकडा ऐंशी हाती लागला, तर २८ हजार लिटर होतात. पाच माणसांच्या घराला वर्षाचे पिण्याचे पाणी सुमारे नऊ हजार लिटर लागते. एवढी टाकी बांधणे आणि पाणी स्वच्छ ठेवणे सोपे नाही, पण या वाटेवर मीठ मागे उरत नाही.

त्या नववीच्या मुलाला आम्ही द्यायला हवे होते ते उत्तर असे: "मीठ गावातच राहते. ते कुठे ठेवायचे हे पटल ठरवत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल." पुन्हा त्या शाळेत बोलावणे आले, तर व्याख्यानाची सुरुवात इथूनच करायची असे आम्ही ठरवले आहे.